गाडी उभी असतानाच शिकून घ्या : नव्या चालकांचे नेहमीचे प्रश्न

नाशिकमध्ये मी मोठ्या वयात गाडी शिकणाऱ्यांना शिकवते. कुणाची मुलं परगावी गेलेली असतात, कुणाला आईला दवाखान्यात न्यायचं असतं, तर कुणी लायसन्स काढून दहा वर्षं स्टिअरिंगला हात लावलेला नसतो. या सगळ्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात, आणि त्यातले निम्मे विचारायला लोक संकोचतात. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत.

नवी गाडी दारात आली. चालवण्याआधी काय करू?

गाडी सोसायटीच्या आवारातच राहू द्या आणि अर्धा तास नुसत्या आत बसा. सुरुवात सीटपासून करा. क्लच पूर्ण दाबला तरी गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताठ होत असेल तर सीट पुढे घ्या. मग पाठ टेकून हात समोर लांब करा. मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकायला हवं. छाती आणि स्टिअरिंगमध्ये निदान २५ सेंटिमीटर अंतर ठेवा, कारण एअरबॅगला उघडायला तेवढी जागा लागते. उंची कमी असलेल्या बायका बॉनेट दिसावं म्हणून स्टिअरिंगला चिकटून बसतात. त्यांनी सीट पुढे ओढण्याऐवजी सीटची उंची वाढवणारा लिव्हर वापरावा. हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या माथ्याच्या पातळीत आणा. मागून धडक बसली तर मान वाचते ती त्याच्यामुळे. ते टेकून झोपण्यासाठी नाही.

त्यानंतर आरसे आणि शेवटी बेल्ट. हा क्रम बदलू नका, कारण सीट हलली की आरसे पुन्हा लावावे लागतात.

आता डोळे मिटा आणि हात लावून सांगा: हॉर्न कुठे, वायपर कुठे, दिवे कुठे, चारही इंडिकेटरचं बटण कुठे, हँडब्रेक कुठे. मी प्रत्येकीकडून हे करून घेते. पावसाची मोठी सर अचानक आली की वायपरचा लिव्हर शोधायला नजर खाली जाते. ताशी ८० च्या वेगात गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे गेलेली असते.

इंडिकेटर द्यायला जाते आणि वायपर सुरू होतो. असं का?

तुम्ही दोन वेगळ्या गाड्या चालवत असाल. आपल्याकडच्या मारुती, ह्युंदाई, टाटा अशा बहुतेक गाड्यांत इंडिकेटर आणि दिव्यांचा लिव्हर उजव्या हाताला असतो आणि वायपर डाव्या. स्कोडा, फोक्सवॅगनसारख्या युरोपी गाड्यांत नेमकं उलटं. दुसऱ्याची गाडी घेतली की निघण्याआधी दोन्ही लिव्हर एकदा हलवून बघा.

आरशात सगळं दिसतं, मग मान वळवून का बघायचं?

सगळं दिसत नाही, म्हणून. हे घरच्या घरी तपासता येतं. तुम्ही चालकाच्या सीटवर बसा आणि घरातल्या कुणाला तरी गाडीच्या मागून उजव्या बाजूने हळूहळू पुढे यायला सांगा. आधी तो मधल्या आरशात दिसेल, मग बाजूच्या, आणि मग एका ठिकाणी दोन्हींतून नाहीसा होईल. आणखी दोन-तीन पावलं चालल्यावर कुठे तो तुमच्या डोळ्याच्या कोपऱ्यात येतो. एक आख्खी स्कूटर त्या जागेत मावते. माझ्या एका विद्यार्थिनीने नवऱ्याला असं तीन वेळा चालायला लावलं. तेव्हापासून लेन बदलताना तिला कधी सांगावं लागलं नाही.

बाजूच्या आरशात स्वतःच्या गाडीची अगदी बारीक कड दिसेल, इतकाच आरसा आत वळवा. अर्ध्या आरशात आपलीच दारं दिसत असतील तर तो वाया गेला. मधल्या आरशाखालच्या छोट्या कानाला रात्री बोट लावा, मागच्या गाडीचा झोत डोळ्यांत येणार नाही. पुष्कळांना हा कान ठाऊकच नसतो.

पाय चुकून ब्रेकऐवजी एक्सलरेटरवर गेला तर? मला हीच भीती वाटते.

ही भीती रास्त आहे आणि तिच्यावर उपाय आहे. उजव्या पायाकडे एक्सलरेटर आणि ब्रेक ही दोनच पेडलं. डावा पाय फक्त क्लचसाठी. उजव्या पायाची टाच ब्रेकच्या समोर जमिनीवर टेकवा आणि एक्सलरेटर देताना फक्त पंजा उजवीकडे कलता ठेवा. घाबरल्यावर पाय आपोआप सरळ होतो, आणि सरळ झालेला पाय ब्रेकवर यायला हवा. पातळ तळाच्या, मागे पट्टा असलेल्या चपला घाला. सपाता आणि उंच टाचा नकोत.

पायाशी काहीही ठेवू नका. गंगापूर रोडवर सिग्नलला थांबताना एका ताईंच्या सीटखालून पाण्याची अर्धा लिटरची बाटली घरंगळत आली आणि ब्रेकखाली अडकली. पेडल अर्ध्यावर जाऊन थांबलं. वेग कमी होता, मी शेजारून हँडब्रेक ओढला आणि गाडी थांबली. ती चेपलेली बाटली मी जपून ठेवली आहे आणि पहिल्या दिवशी प्रत्येकाला दाखवते. वरून टाकलेलं सुटं मॅटही सरकून असंच पेडलखाली जातं. ते खालच्या हुकात बसवा, नाहीतर काढून टाका.

चढावर थांबले की गाडी मागे जाते. मागे रिक्षा असली की हात थरथरतात.

हँडब्रेक ओढलेला ठेवा. पहिला गिअर टाका, थोडी रेस द्या आणि क्लच हळूहळू सोडा. एका क्षणी इंजिनाचा आवाज जड होतो आणि बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं. तिथे पाय थांबवा आणि मगच हँडब्रेक खाली करा. गाडी मागे येत नाही. रिकाम्या चढावर हे वीस वेळा करा, तो आवाज कानात बसतो. हिल होल्ड असलेली गाडी ब्रेकवरून पाय काढल्यावर साधारण दोन सेकंद स्वतःच धरून ठेवते, पण ती सोय नसलेली गाडीही कधी ना कधी चालवावी लागेलच.

सिग्नलला उभं असताना मात्र हाफ क्लचवर गाडी तोलून धरू नका. क्लच प्लेट जळते आणि खर्च मोठा येतो.

ऑटोमॅटिक घेतली. आता शिकण्यासारखं काही उरलं का?

तीन गोष्टी. डावा पाय बाजूला विसावू द्या, ब्रेकलाही उजवाच पाय. डीमध्ये, म्हणजे ड्राइव्हमध्ये, ब्रेक सोडला की एक्सलरेटर न देताही गाडी पुढे सरकते, म्हणून ब्रेक दाबल्याशिवाय गिअर हलवू नका. आणि तुमची गाडी एएमटी, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच यंत्राने आपोआप बदलणारी, असेल तर तिला बहुधा पी (पार्किंगचा गिअर) नसतो; उभी करताना हँडब्रेक पूर्ण ओढा आणि गाडी गिअरमध्ये ठेवूनच इंजिन बंद करा.

डॅशबोर्डवर एवढे दिवे! कुठल्या दिव्याला घाबरायचं?

रंग बघा. लाल म्हणजे सुरक्षित जागा बघून लगेच थांबा, पिवळा म्हणजे जपून चालवा आणि लवकर दाखवून घ्या, हिरवा-निळा म्हणजे काहीतरी चालू आहे एवढंच. किल्ली फिरवल्यावर सगळे दिवे क्षणभर लागतात. ती त्यांची स्वतःची चाचणी असते. तेव्हा एखादा लागलाच नाही तर तोही दोषच.

लाल दिव्यांपैकी तीन पाठ करा. तेलाच्या झारीसारखं चित्र म्हणजे ऑइलचा दाब गेला. इंजिन ताबडतोब बंद करा. "पुढच्या गॅरेजपर्यंत नेते" म्हणालात तर इंजिन आतून घासून निकामी होऊ शकतं. थर्मामीटरचं चित्र म्हणजे इंजिन तापलंय. थांबा, आणि गरम रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका. उकळतं पाणी दाबाने अंगावर येतं. वर्तुळातलं उद्गारचिन्ह म्हणजे हँडब्रेक ओढलेला राहिलाय किंवा ब्रेक ऑइल कमी झालंय. हँडब्रेक खाली असूनही तो विझत नसेल तर गाडी चालवू नका.

आणि पेट्रोलच्या काट्याजवळचा छोटा बाण टाकीचं झाकण कुठल्या बाजूला आहे ते दाखवतो.

चौकात सरळ जायचं असलं की चारही इंडिकेटर लावायचे ना?

नाही. ही सवय आपल्याकडे खूप पसरली आहे आणि धोक्याची आहे. डावीकडून येणाऱ्याला तुमचा फक्त डावा इंडिकेटर दिसतो, उजवीकडच्याला फक्त उजवा. दोघांनाही वाटतं की तुम्ही त्यांच्या बाजूला वळताय. सरळ जाताना काहीच लावायचं नसतं. मुसळधार पावसात किंवा बोगद्यात चालत्या गाडीत चारही लावले तर तुम्ही लेन कधी बदलताय ते मागच्याला कळतच नाही. पावसात साधे हेडलाइट लावा. लाल त्रिकोणाचं बटण बंद पडलेल्या किंवा अडचणीत उभ्या असलेल्या गाडीसाठी आहे.

अप्पर-डिपर कधी?

समोरून गाडी येत असेल किंवा पुढे गाडी असेल तर डिपर, म्हणजे खालचा झोत. रिकाम्या अंधाऱ्या रस्त्यावर अप्पर, म्हणजे लांबचा झोत. समोरच्याने अप्पर खाली केला नाही तर चिडून आपला लावू नका. नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवा आणि वेग कमी करा.

जोरात ब्रेक मारल्यावर पायाखाली खडखडलं. गाडी बिघडली का?

नाही, तो एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा. चाक घसरू लागलं की एबीएस त्या चाकाचा ब्रेक सेकंदात अनेकदा सोडतो आणि धरतो, त्याची ती थरथर. जाम झालेलं चाक वळत नाही, नुसतं घसरतं. फिरतं चाक वळतं. म्हणजे पूर्ण ब्रेक दाबलेला असतानाही तुम्ही स्टिअरिंग फिरवून समोरच्या म्हशीला वळसा घालू शकता. थरथर जाणवली की लोक दचकून पाय उचलतात आणि तिथेच घात होतो. पाय दाबलेलाच ठेवा. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींत एबीएस सक्तीचा आहे. रिकाम्या मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नसताना, ताशी ४० च्या वेगात एकदा मुद्दाम पूर्ण ब्रेक मारून ती थरथर अनुभवा. खडी किंवा वाळूवर मात्र एबीएस असूनही गाडी लांब जाऊन थांबते.

घाट उतरताना न्यूट्रल केलं तर पेट्रोल वाचतं म्हणतात.

कृपा करून करू नका. कसारा घाट उतरताना जळक्या ब्रेकचा उग्र वास काचा बंद असूनही आत येतो. ब्रेक म्हणजे घर्षण आणि घर्षण म्हणजे उष्णता. सलग ब्रेक धरून उतरलं की पॅड इतके तापतात की पकड सुटू लागते आणि पेडल दाबूनही गाडी हवी तेवढी थांबत नाही. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवरच येतो. गाडी गिअरमध्ये असली आणि एक्सलरेटरवरून पाय काढला की इंजिनच गाडीला मागे ओढतं. ज्या गिअरमध्ये घाट चढला असतात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनाचा आवाज वाढतो, त्याला घाबरू नका, तो गाडी धरून ठेवल्याचा आवाज आहे.

पेट्रोलही वाचत नाही. आजच्या गाड्यांत, गिअरमध्ये असताना एक्सलरेटर सोडला की इंजेक्शन इंधन थांबवतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते उलट जाळावं लागतं.

काही जण त्याही पुढे जाऊन इंजिनच बंद करतात. ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम इंजिनमुळे तयार होतो. इंजिन बंद झाल्यावर दोन-तीनदा पेडल दाबलं की तो संपतो आणि पेडल दगडासारखं घट्ट होतं. स्टिअरिंग जड होतं. किल्ली बाहेर काढली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकतं. हे सगळं उतारावर, वळणावर.

अरुंद घाटरस्त्यावर समोरासमोर गाड्या आल्या तर चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं असतं. हा नियम आहे, शिष्टाचार नव्हे.

मागच्या सीटवर बेल्ट कशाला? आम्ही तर गावातल्या गावात जातो.

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देते. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी भिंतीला धडकली की गाडी थांबते, पण आत बसलेलं शरीर ५० नेच पुढे जात राहतं. दहा मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून खाली पडल्यावर जमिनीला टेकताना जो वेग असतो, तो हाच. हातांनी पुढची सीट धरून तो थोपवता येत नाही. मागे बेल्ट न लावलेला माणूस पुढच्या सीटवर आदळतो आणि बेल्ट लावलेल्या पुढच्या माणसालाही चिरडतो. घरातल्या आजी मागे बसतात, त्यांच्यासाठी आणि पुढे बसलेल्या सुनेसाठीही तो बेल्ट आहे.

४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ मुंबई-अहमदाबाद महामार्गावरच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. गाडी महागडी आणि एअरबॅग असलेली होती. मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते आणि दोघेही वाचले नाहीत. पुढचे दोघे वाचले.

तीन ठिकाणी धरणारा आजचा बेल्ट व्होल्वोचे अभियंते निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये आणला आणि कंपनीने तो इतरांनाही वापरू दिला. तो नीट लावणं महत्त्वाचं: खालचा पट्टा पोटावर नाही, कमरेच्या हाडांवर, वरचा पट्टा गळ्याजवळून नाही आणि काखेखालूनही नाही, तर खांद्याच्या मधून छातीवर. गरोदर बाईने बेल्ट लावायलाच हवा, खालचा पट्टा पोटाखालून, मांड्यांच्या वर. पदर किंवा ओढणी पट्ट्याखाली गुंडाळली जाऊ देऊ नका, पट्टा सैल बसतो.

बेल्टचा बीप बंद करायला बाजारात मिळणारी नुसती क्लिप घेऊ नका. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-कॉमर्स कंपन्यांना तिची विक्री थांबवायला लावली. बेल्ट न लावल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार १००० रुपये दंड आहे.

एअरबॅग आहेत की! मग बेल्ट नसला तरी चालेल ना?

एअरबॅगवर एसआरएस असं लिहिलेलं असतं. त्यातल्या पहिल्या अक्षराचा अर्थच "पूरक" असा आहे, बेल्टला पूरक. बेल्ट शरीर जागेवर धरतो, तोवर डोळ्याची पापणी लवायच्या आत पिशवी फुगते. बेल्ट नसेल तर शरीर आधीच पुढे आलेलं असतं आणि फुगणारी पिशवी तोंडावर आदळते.

म्हणून हात स्टिअरिंगवर घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी ठेवा. बाराच्या जागी असलेला हात पिशवीबरोबर उडून चेहऱ्यावर येतो. डॅशबोर्डवर एअरबॅगच्या झाकणावर गणपतीची मूर्ती चिकटवू नका. भक्ती मला समजते, माझ्याही गाडीत बाप्पा आहे, पण तो कप्प्यात ठेवलेला आहे. शेजारी बसणाऱ्याने पाय डॅशबोर्डवर ठेवायचे नाहीत. सीटच्या कडेत एअरबॅग असेल तर ती अडवणारं कव्हर घालू नका. पुढे लोखंडी गार्डही लावू नका; तो धडकेचा झटका बदलतो, त्यामुळे एअरबॅग उघडायची वेळ चुकू शकते.

बाळाला मांडीवर घेऊन पुढे बसले तर?

कधीच नाही. धडकेत दहा किलोचं बाळ कोणत्याही आईच्या हातात राहत नाही, आणि पुढे एअरबॅग असते. बाळ मागच्या सीटवर, चाइल्ड सीटमध्ये. तान्ह्याचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळतात तिथे बोटं घालून चाचपा, आयसोफिक्सच्या लोखंडी कड्या लागतील. सीट त्यांत अडकते. चौदा वर्षांखालच्या मुलांना बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेणं गुन्हा आहे. मागच्या दाराच्या कडेवरचा चाइल्ड लॉक सुरू करा, आणि गाडीतून उतरताना आत कुणी झोपलेलं नाही ना ते बघा. उन्हात बंद गाडी फार झपाट्याने तापते.

पाच स्टारची गाडी घेतली म्हणजे निर्धास्त का?

१ ऑक्टोबर २०२३ पासून आपली भारत एनकॅप, म्हणजे गाड्या धडकवून सुरक्षेचे स्टार देणारी चाचणी, सुरू झाली. पहिले पाच स्टार टाटा हॅरियर आणि सफारीला मिळाले. मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी स्टार वेगळे दिले जातात, दोन्ही बघा. समोरून धडकेची चाचणी ताशी ६४ किलोमीटरला होते, बेल्ट लावलेल्या पुतळ्यांवर. समृद्धी महामार्गावर १२० ने जाताना किंवा बेल्ट न लावता बसताना ते स्टार तुमचे राहत नाहीत.

८० ला गाडी बीप करते, तो बंद करता येईल का?

करू नये. १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या मोटारींत तो सक्तीचा आहे. ८० च्या वर अधूनमधून वाजतो, १२० च्या वर सतत.

पावसात काच आतून धुरकट होते. फडक्याने पुसत राहते.

एसी चालू करा, हवा पुढच्या काचेकडे वळवा, आतलीच हवा फिरवणारं बटण बंद करून बाहेरची हवा घ्या. अर्ध्या मिनिटात काच स्वच्छ होते. मागच्या काचेवरच्या बारीक तारा म्हणजे डीफॉगर. त्याचं वेगळं बटण असतं.

टायरमध्ये हवा किती?

टायरवर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. तुमच्या गाडीचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आहे. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. कमी हवेचा टायर बाजूने सतत दुमडतो, तापतो आणि काँक्रीटच्या लांब रस्त्यावर वेगात फुटतो. खाचेत तळाशी छोटा उंचवटा असतो. रबर झिजून त्याच्या पातळीला आलं, म्हणजे १.६ मिलीमीटर उरलं, की टायर बदला. बाजूवरचे चार आकडे जन्मतारीख सांगतात: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. स्टेपनीतली हवाही बघा, तिला सगळे विसरतात.

एक्सप्रेसवेवर गाडी बंद पडली तर?

जमेल तेवढी डावीकडे घ्या, चारही इंडिकेटर लावा. सगळ्यांना डाव्या दारातून उतरवा आणि कठड्यापलीकडे उभं करा. गाडीत बसून वाट बघू नका. परावर्तक त्रिकोण बराच मागे ठेवा, पण ठेवायला जाताना तो छातीसमोर धरून रस्त्याच्या कडेनेच चाला. मदतीला ११२, अॅम्ब्युलन्सला १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. टायर बदलायचा हट्ट वाहत्या लेनशेजारी करू नका.

किल्लीची बॅटरी संपली, दार उघडेना.

किल्लीच्या कडेला छोटा खटका असतो. तो दाबला की आतून खरी धातूची किल्ली निघते. चालकाच्या दाराच्या हँडलमध्ये, कधी टोपीखाली, तिचं भोक असतं. आत बसल्यावर ब्रेक, आणि मॅन्युअल गाडीत क्लचही, दाबून बॅटरी संपलेला किल्लीचा रिमोटच स्टार्टच्या बटणाला टेकवून धरा. बहुतेक गाड्या सुरू होतात. हेही आजच, दारात गाडी उभी असताना एकदा करून बघा.